गोलीय निर्देशक: पुण्याचे एक्स, वाय, झेड काढताना

गोलीय निर्देशक म्हणजे बिंदूची जागा एक अंतर आणि दोन कोनांनी सांगणं. त्यांवरून एक्स, वाय, झेड काढायची सूत्रं पाठ असूनही उत्तर चुकतं, ते बहुतेक वेळा कोनापायी. म्हणून कोन कुठून मोजलाय ते आधी ठरवा. इथे आर म्हणजे केंद्रापासूनचं अंतर, थीटा झेड-अक्षापासून मोजलेला (०° ते १८०°) आणि फाय एक्स-अक्षापासून वाय-अक्षाकडे फिरलेला कोन. गणिताच्या बऱ्याच पुस्तकांत थीटा-फायची अदलाबदल असते, तेव्हा सूत्राआधी आकृती बघावी.

एक्स = आर × साइन(थीटा) × कॉस(फाय)
वाय = आर × साइन(थीटा) × साइन(फाय)
झेड = आर × कॉस(थीटा)

पुणे घ्या: अक्षांश १८.५२° उत्तर, रेखांश ७३.८६° पूर्व, आर ६३७१ किमी. झेड-अक्ष उत्तर ध्रुवातून जातो, एक्स-अक्ष विषुववृत्तावरच्या शून्य रेखांशातून. फाय म्हणजे सरळ रेखांश. पण अक्षांश विषुववृत्तापासून मोजतात आणि थीटा ध्रुवापासून, म्हणून थीटा = ९० − १८.५२ = ७१.४८°. उत्तर: एक्स १६७९, वाय ५८०३, झेड २०२४ किमी.

ताळा म्हणून तिघांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढतात. ते ६३७१ येतं. पण थीटाच्या जागी चुकून १८.५२ घातलं तरी ६३७१च येतं! हा ताळा कोनाची चूक पकडत नाही. झेडकडे बघा: तो ६०४१ आला, तर पुणं उत्तर सैबेरियात पोचलं.

उलट, म्हणजे एक्स, वाय, झेडवरून आर आणि कोनांकडे जाताना, आर वर्गमुळातून मिळतो आणि थीटा = आर्ककॉस(झेड/आर), म्हणजे ज्याचा कॉस झेड/आर आहे तो कोन. फायसाठी मात्र साधा आर्कटॅन(वाय/एक्स), म्हणजे ज्याचा टॅन वाय/एक्स आहे तो कोन, वापरू नका. लॉस एंजेलिसचं (३४.०५° उत्तर, ११८.२४° पश्चिम) एक्स आणि वाय दोन्ही ऋण, भागाकारात चिन्हं उडतात, फाय +६१.७६° येतो आणि शहर अफगाणिस्तानात हेरातजवळ जाऊन पडतं. दोन्ही चिन्हं बघणारं 'एटॅन२' वापरा. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत त्याला आधी वाय द्यायचा, एक्सेलमध्ये आधी एक्स. दोन्हीकडे कोन रेडियनमध्ये असतात, अंशांत हवे तर १८०/पाय ने गुणा. ध्रुवावर एक्स आणि वाय दोन्ही शून्य असल्याने फायला अर्थच उरत नाही. एक्सेल तिथे भागाकाराची एरर देतं, पायथन गुपचूप ० देतं.

जीपीएसच्या मोजणीला हे गणित लावू नका. पृथ्वीची त्रिज्या विषुववृत्तावर ६३७८.१ आणि ध्रुवावर ६३५६.८ किमी आहे, आणि जीपीएसचा अक्षांश केंद्राशी नव्हे, तर पृष्ठभागाच्या लंबावरून ठरतो. ४५° अक्षांशाजवळ त्या दोन कोनांत सुमारे ०.१९° फरक पडतो, म्हणजे जमिनीवर जवळपास २१ किमी.