पावसाळ्यात दिसलेली अळंबी तिच्या कुळापर्यंत कशी न्यावी

मृगाचा पाऊस स्थिरावला की सह्याद्रीच्या पायवाटांवर, आंब्याच्या वाळक्या फांद्यांवर, उकिरड्यांवर आणि शहरातल्या हिरवळींवरही बुरशीची फळे दिसू लागतात. फोटो काढणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: हिचे नाव काय? जगात आजवर सुमारे दीड लाख बुरशींना शास्त्रीय नावे मिळाली आहेत, तर त्यांची खरी संख्या 22 ते 38 लाखांच्या दरम्यान असावी असा 2017 सालचा अंदाज आहे. याचा अर्थ असा की आपल्यासमोरची अळंबी अजून नावाविना असण्याची शक्यताही खरीच आहे. म्हणून नवशिक्याने जातीच्या मागे न लागता कुळापर्यंत पोहोचावे आणि तिथे समाधानाने थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे. कूळ साध्या डोळ्यांनी, दहा पट भिंगाने आणि एका रात्रीच्या सबुरीने बहुतेक वेळा गाठता येते. जातीसाठी मात्र सूक्ष्मदर्शक आणि पुष्कळदा डीएनएची तपासणी लागते.

आधी वर्गीकरणाची उतरंड ध्यानात घ्यावी, कारण शास्त्रीय नावांचे शेपूटच आपल्याला पायरी सांगते. नाव ‘मायकोटा’ने संपत असेल तर तो संघ, ‘मायसीट्स’ने संपत असेल तर वर्ग, ‘एलीझ’ने संपले तर गण आणि ‘एसी’ने संपले तर कूळ. त्याखाली प्रजाती आणि शेवटी जात येते. उदाहरणार्थ, बाजारात मिळणारे बटण मशरूम म्हणजे अ‍ॅगॅरिकस बायस्पोरस ही जात. तिचे कूळ अ‍ॅगॅरिकेसी, गण अ‍ॅगॅरिकेलीझ आणि संघ बॅसिडिओमायकोटा. रानात जे डोळ्यांत भरते ते जवळजवळ सगळे दोनच संघांतले असते. बॅसिडिओमायकोटा संघात बीजाणू, म्हणजे ज्यांतून नवी बुरशी उगवते ते सूक्ष्म कण, एका पेशीच्या टोकावर, बहुधा चारच्या संख्येने, बाहेर धरलेले असतात. अ‍ॅस्कोमायकोटा संघात ते लांबट पिशवीच्या आत, बहुधा आठच्या संख्येने, भरलेले असतात. छत्र्या, लाकडावरचे कडक पंखे, भुईफोड गोळे हे पहिल्या संघातले. लहान रंगीत वाट्या, कुजक्या ओंडक्यातून वर आलेली काळी बोटे आणि कोळशासारखे गोळे हे दुसऱ्यातले. काळ्या बोटांचे कूळ झायलॅरिएसी, तर लाल-केशरी वाट्यांपैकी कुकीना या आपल्याकडच्या प्रजातीचे कूळ सार्कोसायफेसी.

प्रत्यक्ष कामाला लागताना सर्वांत आधी जागा लिहून घ्यावी: जमीन, वारूळ, शेण, पालापाचोळा की लाकूड, आणि लाकूड असेल तर ते कोणत्या झाडाचे, जिवंत की मेलेले. त्यानंतर अळंबी उपटू नये, खणावी. देठाभोवतीची माती चाकूने सैल करून संपूर्ण तळ वर आणावा, कारण ओळखीची अर्धी खूण मातीखाली असते. अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात वन खात्याच्या परवानगीशिवाय काहीही तोडू नये. तिथे जागेवरच फोटो घ्यावेत आणि भिंगाने पाहावे. जिथे घेता येते तिथेही एक कोवळी आणि एक पूर्ण उमललेली अशा दोन पुरेशा होतात, आणि त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदात गुंडाळाव्यात, म्हणजे घाम येऊन सडत नाहीत.

घरी आल्यावर छत्री उलटी करून खालची बाजू पाहावी. तिथे पातळ उभ्या पट्ट्या आहेत, की बारीक छिद्रे आहेत, की लोंबणारे दात आहेत, यावरच स्वीडनचे एलियास फ्रीस यांनी 1821 पासून आपली मांडणी उभारली, आणि पट्ट्यांच्या अळंब्यांची पुढची विभागणी त्यांनी बीजाणूंच्या रंगावरून केली. डीएनएच्या अभ्यासाने त्यांची बरीच कुळे मोडली असली तरी रानातल्या पहिल्या पावलासाठी त्यांची रीत अजून चालते. लाकडावरचा कडक, छिद्रांचा पंखा दिसला तर बहुधा पॉलिपोरेसी. त्याचा गर गंजासारखा तपकिरी असेल आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणाचा थेंब टाकताच काळा पडत असेल तर हायमेनोकीटेसी. मऊ, ओलसर, कानासारखी बुरशी ऑरिक्युलॅरिएसीची. मेलेल्या फांदीवर राखाडी, केसाळ, नखाएवढे पंखे असतील तर ते उलटे करून भिंगाखाली धरावेत: प्रत्येक पट्टी लांबीत चिरून दोन झालेली दिसली की ती शिझोफिलम कम्यून, कूळ शिझोफिलेसी. इतकी सोपी ओळख दुसऱ्या कुठल्याच जातीची नाही, म्हणून शिकण्याची सुरुवात हिच्यापासून करावी.

पट्ट्यांच्या छत्र्यांसाठी मात्र बीजाणूंचा ठसा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. उमललेल्या छत्रीचा देठ तिच्या खालच्या पातळीशी कापावा, पट्ट्या खाली येतील अशा रीतीने ती अर्धी पांढऱ्या आणि अर्धी काळ्या कागदावर ठेवावी, वर पाण्याचा एक थेंब सोडून स्टीलची वाटी पालथी घालावी आणि रात्रभर हात लावू नये. सकाळी वाटी उचलली की कागदावर पट्ट्यांची नक्षी जशीच्या तशी, आऱ्यांच्या चाकासारखी, बारीक पुडीत उमटलेली असते. दोन रंगांचे कागद घेण्याचे कारण असे की पांढरा ठसा पांढऱ्या कागदावर दिसतच नाही. रंग दिवसाउजेडी पाहावा आणि पुडी थोडी खरवडून एकत्र केल्यावर ठरवावा, कारण पातळ थरात गुलाबी आणि मळकट पांढरा यांत फसगत होते.

ठसा पांढरा वा मलईच्या रंगाचा आला तर अ‍ॅमॅनिटेसी, मायसिनेसी, मॅरॅस्मिएसी यांसारखी कुळे समोर येतात. पावसाळी रात्री भीमाशंकरच्या किंवा गोव्याच्या म्हादई भागातल्या जंगलात हिरवट उजेड देणाऱ्या नाजूक छत्र्या यांतल्या मायसिनेसीच्या. गुलाबी ठसा प्लुटिएसी किंवा एन्टोलोमॅटेसीकडे नेतो, गंजाचा तपकिरी कॉर्टिनॅरिएसी वा हायमेनोगॅस्ट्रेसीकडे, गडद चॉकलेटी अ‍ॅगॅरिकसकडे आणि काळा सॅथिरेलेसीकडे. ठशाचे महत्त्व मला एका हिरवळीवरच्या अळंबीने शिकवले. ताटलीएवढी पांढरी छत्री, तिच्यावर तपकिरी खपल्या, देठावर सरकणारे कडे आणि खाली स्वच्छ पांढऱ्या पट्ट्या, असे ते देखणे फळ होते. मी ते पांढऱ्या बीजाणूंचे समजून वहीत तसे लिहिलेही होते. सकाळी वाटीखाली मळकट हिरवा ठसा निघाला. ती क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस होती, पोटात गेल्यास जोराच्या उलट्या-जुलाब घडवणारी, आणि हिरवा ठसा ही तिची पक्की खूण. तिचे कूळ मात्र बटण मशरूमचेच, अ‍ॅगॅरिकेसी.

यावरूनच एक गोष्ट आग्रहाने सांगतो: कूळ कळले म्हणून अळंबी खाण्याजोगी ठरत नाही. ज्या अ‍ॅमॅटॉक्सिन विषाने यकृत निकामी होते ते अ‍ॅमॅनिटा प्रजातीच्या काही जातींत आहे, हायमेनोगॅस्ट्रेसीतल्या गॅलेरिनात आहे आणि अ‍ॅगॅरिकेसीतल्या काही लेपिओटांतही आहे. ते शिजवून जात नाही, आणि त्याचा त्रास बहुधा सहा तासांहून अधिक वेळाने सुरू होत असल्यामुळे तोवर जेवणाची आठवणही मागे पडलेली असते. ही पद्धत ओळखण्यासाठी आहे, ताटासाठी नाही.

देठाच्या तळाशी असणारी पिशवी ही दुसरी मोठी खूण, पण तीही एकटी पुरत नाही. भाताच्या पेंढ्यावर उगवणाऱ्या व्हॉल्व्हॅरिएला अळंबीलाही तळाला पिशवी असते आणि अ‍ॅमॅनिटालाही. पहिलीचा ठसा गुलाबी, दुसरीचा पांढरा. पिशवी मातीत राहून गेली किंवा ठसा घेतला नाही, तर दोन वेगळ्या कुळांची, आणि कधी जीवनमरणाच्या अंतरावरची, ही फळे एकसारखी भासतात.

आता आपल्या वारुळावरच्या अळंबीकडे येऊ, कारण कोकणात आणि गोव्यात जिची वाट पाहिली जाते, गोव्यात जिला रोयण अळमी म्हणतात, तिच्यात वर्गीकरणाचा सगळा प्रवास एकवटला आहे. छत्रीच्या मधोमध टोकदार उंचवटा असतो, पट्ट्या देठाला चिकटलेल्या नसतात आणि ठसा गुलाबीसर येतो. वरच्या नियमाने ती प्लुटिएसीत जायला हवी, आणि पूर्वीच्या अभ्यासकांनी तिला गुलाबी बीजाणूंच्या अळंब्यांजवळ बसवलेही होते. पण देठ नीट खणत गेले तर तो मातीखाली संपत नाही. हळूहळू निमुळता होत दोरीसारखा खोल जातो आणि वाळवीने चावून रचलेल्या स्पंजासारख्या पोळ्यावर टेकतो. वाळवी तिथे या बुरशीची शेती करते: ती वनस्पतीचा चोथा आणून देते, बुरशी तो पचवून मऊ करते आणि त्यावर वाळवीची वसाहत पोसते. फ्रान्सचे रॉजर आइम यांनी 1942 साली या प्रजातीला टर्मिटोमायसीस हे नाव दिले, आणि डीएनएच्या तुलनेनंतर ती लायोफिलेसी या कुळात स्थिरावली, जिथले बाकीचे बहुतेक सदस्य पांढऱ्या बीजाणूंचे आहेत. म्हणून गुलाबी ठसा दिसला की लगेच नाव लिहू नये. मुळासारखा लांब देठ आणि जवळचे वारूळ ही जोडी तपासावी.

शाईच्या छत्र्यांची कथाही अशीच. उकिरड्यावर सकाळी उगवून दुपारपर्यंत काळ्या द्रवात वितळणाऱ्या या अळंब्या एका कोप्रिनस प्रजातीत होत्या. 2001 साली त्या प्रजातीची फोड झाली, तीत कोप्रिनस कोमॅटस अ‍ॅगॅरिकेसीत राहिली आणि बहुतेक बाकीच्या सॅथिरेलेसीत गेल्या. वितळण्याची रीत सारखी, रक्त मात्र वेगळे. तारकेसारखे उघडणारे भुईगोळेही तसेच: जीस्ट्रम आणि अ‍ॅस्ट्रीअस दिसायला बहिणी, पण दुसरीचे नाते छिद्रांच्या मऊ अळंब्यांच्या, म्हणजे बोलेटेलीझच्या गणाशी आहे.

शेतकरी कुटुंबातल्या वाचकाला हीच शिस्त पिकावरच्या रोगांनाही लावता येईल, कारण आपली रोगांची नावे लक्षणांवरून पडलेली आहेत, नात्यावरून नव्हे. द्राक्षावरची भुरी ही खरी बुरशी, अ‍ॅस्कोमायकोटातल्या एरिसायफेसी कुळातली. केवडा हा रोग घडवणारा जीव मात्र बुरशीच नाही. तो ऊओमायसीट गटातला जीव असून त्याचे नाते तपकिरी शैवालांशी आहे. पानाच्या वर पिवळे तेलकट डाग आणि बरोबर त्यांच्याखाली पांढरी वाढ अशी त्याची खूण. हा फरक औषधाच्या बाटलीपर्यंत पोहोचतो: भुरीवर चालणारी ट्रायझोल गटातली औषधे बुरशीच्या पेशीच्या पडद्याला लागणाऱ्या अर्गोस्टेरॉल या घटकाची निर्मिती रोखतात, आणि केवडा ते स्वतः तयारच करत नसल्याने ती त्याच्यावर निष्प्रभ ठरतात. गव्हाचा तांबेरा पक्सिनिएसीचा, सोयाबीनचा फॅकोप्सोरेसीचा; दोन्ही बॅसिडिओमायकोटातले, उसाच्या चाबूक काणीसारखेच. ‘करपा’ या शब्दाला तर कुळाचा अर्थच नाही: भाताचा करपा एका अ‍ॅस्कोमायकोटी बुरशीचा, तर बटाट्याचा उशिराचा करपा केवड्याच्या भावकीतला.

सराव पावसाळ्याबाहेर करायचा असेल तर मसाल्याच्या डब्यातले दगडफूल घ्यावे. वरून राखाडी, खालून काळसर असा तो पापुद्रा म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. वर्गीकरणात त्याचे नाव बुरशीवरून ठरते, आणि त्यातली बुरशी अ‍ॅस्कोमायकोटातल्या पार्मेलिएसी कुळातली असते. भिंगाने कडा पाहिल्या तर सालीसारखा वरचा थर आणि तुटलेल्या जागी आतला पांढरा तंतूंचा कापूस वेगळा दिसतो.

नमुना जपायचा असेल तर मंद, कोरड्या उष्णतेवर कडक होईपर्यंत वाळवावा आणि कागदी पाकिटात ठसा सोबत ठेवावा. पाकिटावर दिनांक, गाव, जागा, झाड, वास, ताज्या छत्रीचा रंग आणि कापल्यावर बदललेला रंग लिहावा, कारण वाळल्यावर यांपैकी बहुतेक गोष्टी नाहीशा होतात. पुढे जातीपर्यंत जायचे झाल्यास पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत वाळवलेल्या बुरशींचा संग्रह आहे, तिथल्या अभ्यासकांना असा नोंदींसह आलेला नमुना उपयोगी पडतो. नोंद नसलेला नमुना कितीही सुंदर असला तरी नाही. कुळाची ओळ शाईने भरावी, प्रजातीची पेन्सिलने, आणि जातीची ओळ तूर्त कोरी ठेवावी.