हर्मिट क्रॅबच्या टाकीत कुठली वाळू भरावी आणि कशी

अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात गेलात की बोर्डवॉकवरच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या फळ्यांच्या रस्त्यावरच्या, दुकानांत हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, रंगवलेल्या शंखांतून दिसतात. मुलं हट्ट धरतात, आपण घेतो. सोबत तारेचा छोटा पिंजरा, मूठभर रंगीत खडे आणि स्पंजचा तुकडा मिळतो. आमच्याकडे नऊ वर्षांपूर्वी असेच दोन आले. ते खडे पहिल्याच दिवशी टाकून द्यायचे असतात हे तेव्हा मला कोणी सांगितलं नाही, म्हणून आता विचारेल त्याला मी सांगते.

कोकणात ओहोटीच्या वेळी खडपात शंख पाठीवर घेऊन पळणारे बारके खेकडे आपण लहानपणी पाहिलेले असतात. ते समुद्रातले. इथे विकतात ते बहुतेक कॅरिबियन बेटांकडचे, जमिनीवर राहणारे आणि जवळजवळ सगळे निसर्गातून पकडून आणलेले. हा खेकडा पाण्यात फार वेळ राहिला तर गुदमरून मरतो आणि कोरड्या हवेतही गुदमरतो, कारण त्याचे कल्ले ओले राहावे लागतात. वाढण्यासाठी त्याला कात, म्हणजे अंगावरचं जुनं कवच, टाकावी लागते आणि ती तो ओल्या वाळूत खोल गुहा करूनच टाकतो. लहान असेल तर महिना-दीड महिना, मोठा असेल तर दोन-तीन महिने, कधी त्याहूनही जास्त तो खाली असतो. म्हणजे काचेच्या टाकीतली वाळू ही त्याची बाळंतिणीची खोली आहे असं समजा. खड्यांत भुयार टिकत नाही, म्हणून तो वरच अर्धवट कात टाकतो आणि तशा मऊ अंगानं उघड्यावर पडला की सोबतचा खेकडा त्याला खातो.

मिश्रण एकच: पाच भाग प्ले सँड, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), मापानं, वजनानं नाही. प्ले सँड म्हणजे मुलांच्या खेळासाठी धुऊन चाळलेली वाळू, हार्डवेअरच्या दुकानात ५० पौंडांच्या पिशवीत मिळते. कोकोपीट विटेच्या रूपात घ्या आणि खत मिसळलेलं नाही ना, हे पाकिटावर वाचा. बागेसाठीच्या विटांमध्ये पुष्कळदा खत असतं.

पाळीव प्राण्यांच्या दुकानात तुम्हाला कॅल्शियम सँड, म्हणजे चुनखडीची वाळू, दाखवतील. घेऊ नका. ओली झाली की ती सिमेंटसारखी धरते. लाकडाचा भुसा, विशेषतः पाइन आणि सीडरचा, अजिबात नको. नुसतं कोकोपीट हलकं असतं, भुयार ढासळतं, चिलटं होतात. समुद्रावरून उचलून आणलेल्या वाळूत काय काय जिवंत येतं ते सांगता येत नाही.

खोली किमान सहा इंच, किंवा सगळ्यात मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल ते. ३० बाय १२ इंच तळाच्या टाकीत मी आठ इंच भरते. त्याला वाळूच्या तीन पिशव्या आणि ६५० ग्रॅमची एक वीट लागते. वजन सत्तर किलोंच्या आसपास जातं, तेव्हा टाकी आधी जागेवर ठेवा, मगच भरा. भरलेली टाकी हलवली तर काच जाते.

पाणी क्लोरीन काढलेलंच हवं. नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर रात्रभर उघडं ठेवून ते जात नाही, माशांच्या टाकीसाठीचे क्लोरीन काढणारे थेंब घालावे लागतात. मी पहिल्यांदा भिजवताना मत्स्यालयाचं सागरी मीठ घातलेलं पाणी घेते. स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही.

आता ओलावा. सगळे चुकतात ते इथे, आणि मीही चुकले होते.

‘इतक्या वाळूला इतके लिटर पाणी’ असं कोणी लिहिलं असेल तर पुढे वाचू नका. दुकानाबाहेर पडून राहिलेल्या पिशवीतली वाळू आधीच ओली असते, एखादी पिशवी अगदी कोरडीही निघते. कोकोपीट वेगळं भिजवा आणि खमंग काकडीसाठी काकडी पिळतो तसं घट्ट पिळून घ्या. मग मोठ्या टबात वाळूबरोबर हातानं कालवा आणि पाणी पेल्यानं नाही, ओंजळीनं घाला. मूठ दाबली की लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून एक थेंबही सुटता कामा नये. एवढ्यावर थांबू नका. एका वाटीत मिश्रण दाबून भरा, ताटलीत उपडी करा, बाजूनं करंगळी दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला आणि हळूच बाहेर काढा. भोक जसंच्या तसं राहिलं पाहिजे, त्याचं छत खाली येता कामा नये आणि ताटलीत पाण्याची कड दिसता कामा नये. रात्रभर तसंच ठेवून सकाळी पुन्हा बघा. छत पडलं तर मिश्रण कोरडं आहे, ताटली ओली झाली तर जास्त भिजलं आहे. जास्त झालं तर वर्तमानपत्रावर पसरून एक दिवस वाळवा. घाई करू नका.

हे जमलं तरी धोका संपत नाही. आमच्या तिसऱ्या हिवाळ्यात घरातल्या हीटिंगमुळे हवा कोरडी झाली आणि आर्द्रतेचा काटा ६० वर आला. ७५ ते ८५ टक्के हवी, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ स्प्रे बाटलीनं फवारत राहिले. काटा वर यायचा, मला बरं वाटायचं. वरचं पाणी वाळूतून झिरपून तळाशी साठत होतं आणि थंड काचेवर धरलेली वाफही ओघळून तिथेच जात होती. जानेवारीत टाकीला आंबूस वास यायला लागला. खाली वाकून काचेतून पाहिलं तर तळाला दोन बोटं काळा पट्टा. मोठा खेकडा नोव्हेंबरपासून खाली होता. मी हातानं वाळू बाजूला केली तेव्हा तो जुन्या कवचातून अर्धा बाहेर आलेला होता, नवे पाय पांढुरके आणि मऊ, आणि भोवती गार पाणी. तो गेला होता.

तेव्हापासून स्प्रे बाटली टाकीजवळ ठेवत नाही. आर्द्रता हवी तर झाकण नीट बंद करा, फटींना क्लिंग फिल्म लावा, पाण्याची भांडी मोठी ठेवा. काटा हवेची आर्द्रता सांगतो, वाळूची नाही. वाळूसाठी दर आठवड्याला बॅटरी घेऊन काचेच्या तळाशी बघा: खालचा भाग वरच्यापेक्षा गडद आणि चकाकता दिसला की झाकण रोज थोडा वेळ उघडं ठेवायला सुरुवात करा. निचरा व्हावा म्हणून तळाशी खड्यांचा थर देऊ नका. बारीक वाळूतलं पाणी जाड खड्यांत सहज उतरत नाही, त्या थराच्या वरच अडतं आणि खेकडा नेमका तिथे झोपलेला असतो. हीट पॅडही तळाला चिकटवू नका. मागच्या काचेवर, वाळूच्या पातळीच्या वर लावा, नाहीतर खाली गेलेला खेकडा भाजतो.

दर महिन्याला वाळू बदला, असा सल्लाही सर्रास दिला जातो. कात टाकणाऱ्या जिवाला दर महिन्याला उकरून काढायचं, असा त्याचा अर्थ होतो. विष्ठा आणि उरलेलं अन्न चमच्यानं उचला, बाकी हात लावू नका. पूर्ण बदल करायचा तो पाणी साचलं, वास आला किंवा किडे झाले तरच. तेव्हा खणायला फावडं नको, हात घ्या, आणि कडेनं आत या, वरून नाही.

खेकडा दिसेनासा झाला की घाबरून शोधू नका. खाली जाण्याआधीच त्यानं पाणी साठवून घेतलेलं असतं आणि कात टाकल्यावर तो जुनं कवच खाऊन कॅल्शियम परत मिळवतो. तो जिथे खाली गेला तिथे काचेवर तारखेची चिठ्ठी लावा. माझा मुलगा हे काम कटाक्षानं करतो. आत्ता डाव्या कोपऱ्यात ११ ऑगस्टची चिठ्ठी आहे.