घरात दोन गाड्या, ऑइलची दोन वेळापत्रकं

एप्रिलमध्ये पारा ४२ च्या वर गेला की सोलापुरात ऑइलच्या दुकानात हमखास सल्ला मिळतो: ‘ऊन बघताय न्हवं साहेब? जाड टाका, वीस-पन्नास.’ मी औषध कंपनीचा एमआर. बार्शी, मोहोळ, मंगळवेढा, अक्कलकोट असं फिरणं. दोन उन्हाळे हा सल्ला ऐकून स्प्लेंडरमध्ये २०डब्ल्यू-५० घातलं. गाडी जड ओढायला लागली आणि ॲव्हरेज कमी झालं. मग एकदा गाडीसोबत आलेलं पुस्तक शोधून काढलं. त्यात सरळ १०डब्ल्यू-३० लिहिलेलं.

डब्यावरचे हे दोन आकडे नीट कळले की निम्मं काम झालं. डब्ल्यू म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंड ऑइलचा: तो जितका कमी, तितकं सकाळी पहिल्या किकला ऑइल वरपर्यंत लवकर पोचतं. मागचा आकडा ऑइल १०० अंशांना तापलं असताना मोजलेला दाटपणा. म्हणजे इंजिन तापल्यावरचं गणित त्यात आधीच धरलंय. तरीही कडक उन्हाळ्यासाठी जाड ऑइल चालेल असं पुस्तकात असेल तर खुशाल टाका. नसेल तर दुकानदाराचं ऊन दुकानातच राहू द्या.

त्याहून महत्त्वाची गोष्ट डब्याच्या मागे बारीक अक्षरात असते, आणि ती मी अंगाशी आल्यावर शिकलो. भावाच्या कारचं अर्धा-पाऊण डबा ऑइल उरलं होतं. एवढं महागाचं, फेकायचं कशाला, म्हणून माझ्या गाडीत ओतलं. आठवड्यानं बायकोला मागे बसवून तुळजापूरला निघालो. घाटात तिसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर पिळला तर इंजिन नुसतं ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही. क्लच स्लिप! गिअरच्या बाइकमध्ये क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलात बुडालेल्या असतात, आणि कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यानं प्लेटा घसरतात. म्हणून बाइकसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ हा जपानी मानकाचा शिक्का हवाच. ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचा क्लच ऑइलात नसतो, तिला ‘एमबी’ लागतं. एमबी बाइकमध्ये कधीच नको. एपीआय या अमेरिकी संस्थेची दर्जाची अक्षरं, म्हणजे एसएल, एसएम, एसएन, पुस्तकातल्याइतकी किंवा पुढची असली की झालं.

सिंथेटिक, म्हणजे रासायनिक प्रक्रियेनं बनवलेलं महाग ऑइल, घ्यावं का? माझ्या शंभर सीसीच्या गाडीला मिनरल, म्हणजे साधं खनिज ऑइल, पुरतं. रोज लांब पळवणाऱ्यानं सेमी-सिंथेटिक घ्यावं, पण महाग आहे म्हणून दुप्पट किलोमीटर चालवू नये.

आता बदलायचं कधी. लोक फक्त किलोमीटर मोजतात. आमच्या घरचं उलट आहे. माझी स्प्लेंडर महिन्याला हजार-दीड हजार किलोमीटर हायवेवर पळते, ऑइल नीट तापतं. बायकोची ॲक्टिव्हा जुळे सोलापुरातल्या घरापासून मुलांच्या शाळेपर्यंत, फार तर भाजी मंडईपर्यंत. दोन किलोमीटर जायचं, बंद करायची. इंजिन पुरतं तापतच नाही, त्यामुळे आत जमलेली वाफ आणि पेट्रोलचा अंश उडून जात नाही, ऑइलात मुरतो. सहा महिन्यांत तिची गाडी दीड हजारही फिरत नाही, तरी मी सहाव्या महिन्याला ऑइल काढतोच. माझ्या गाडीचं तीन हजारांवर. पुस्तकात मोठा आकडा असला, तरी तिथेच धुळीत, ऊन्हात वापर असेल तर लवकर बदला असंही बहुधा लिहिलेलं असतं. उसाच्या हंगामात मोहोळकडच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागून जाऊन बघा, म्हणजे धूळ कशाला म्हणतात ते कळेल. त्या दिवसांत एअर फिल्टरही पाहून घ्यायचा. नळाला पाणी येण्याचे दिवस जिथे लिहितो, त्याच कॅलेंडरवर मी ऑइलची तारीख आणि मीटरचा आकडा लिहितो.

दोन बदलांच्या मध्ये दर पंधरवड्याला पातळी बघा. गाडी डबल स्टँडवर उभी, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद, दोन-तीन मिनिटं थांबा. ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून पुसा, आत ठेवा पण आटे फिरवू नका, मग काढून बघा. ऑइल दोन खुणांच्या मधे हवं. काळं झालंय म्हणून घाबरू नका. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच. दुधाळ दिसलं किंवा पेट्रोलचा वास आला, तर मात्र मेस्त्रीला दाखवा.

बदलताना इंजिन कोमट असावं, चटका बसेल इतकं नको. इंजिनाखालचा, ऑइल सोडायचा नट काढला की पंधरा मिनिटं निथळू द्या. वॉशर नवा घाला. नट घट्ट म्हणून पान्यावर लटकू नका, ॲल्युमिनियमचे आटे गेले की दोनशे रुपयांचं काम दोन हजारांवर जातं. पुस्तकात दिलंय तेवढंच मापून ओता. डबा एक लिटरचा आहे म्हणून लिटरभर नाही.

काढलेलं ऑइल गटारात सोडू नका. गॅरेजात त्याचा ड्रम असतो, तिथे द्या. आणि रिकामा डबा भंगारात टाकण्याआधी मी त्याला स्क्रू-ड्रायव्हरनं दोन भोकं पाडतो. नाहीतर त्याच डब्यात कुणी भलतंच भरून, झाकण लावून पुन्हा विकायचा.