नुसता पॅटर्न बघून नाव देताय? स्लाइडवरच्या या चुका टाळा

रामबागेतल्या एक काकू होत्या, वरच्या ओठाजवळ कडक चट्टा, चार वर्षं तसाच, अधूनमधून तिथं मुंग्या यायच्या. मी पॅथॉलॉजिस्ट, स्किनचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघून ट्यूमरला नाव देते. माझ्याकडे आली ती शेव्ह बायोप्सी, म्हणजे वरून तासून घेतलेला पातळ पापुद्रा. त्यात बारीक डक्ट, म्हणजे घामाच्या ग्रंथीसारख्या नळ्या, काहींना बेडकाच्या पिल्लासारखी शेपटी, दोनचार केराटिन सिस्ट (केराटिन भरलेल्या पिशव्या), सेल एकदम शांत, मायटोसिस, म्हणजे विभागणारा सेल, एकही नाही, आणि मी सिरिंगोमा, म्हणजे घामाच्या नळीची निरुपद्रवी गाठ, लिहून सही केली. नंतर खोल तुकडा निघाला तेव्हा कळलं, मायक्रोसिस्टिक अ‍ॅडनेक्सल कार्सिनोमा, म्हणजे स्किनच्या ग्रंथीचा कॅन्सर आहे आणि तो नर्व्हला वेढून बसलाय. अजून वाईट वाटतं.

इंदूरला माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना म्हणून हेच आधी सांगते. १९८२ साली हा ट्यूमर पहिल्यांदा वेगळा म्हणून मांडला गेला, आणि त्याची मुख्य अडचण हीच की वरचा भाग सिरिंगोमासारखाच दिसतो, खाली जाल तसे डक्ट लहान होत जातात, मग नुसत्या एकदोन सेलच्या रेघा उरतात, कडक स्ट्रोमात (ट्यूमरभोवतीच्या आधार-ऊतीत) घुसलेल्या, कधी मसलपर्यंत. सिरिंगोमा वरच्या डर्मिसमधेच (स्किनच्या आतल्या थरात) थांबतो, आणि बहुतेक वेळा खालच्या पापणीवर बरेच असतात. मोठ्या माणसाच्या ओठाजवळ एकच कडक चट्टा आणि तुकड्यात तळ नाही, तर सिरिंगोमा लिहूच नका. स्पष्ट लिहा, 'तुकडा वरवरचा आहे, खोली बघता येत नाही, खोल पंच (गोल सुरीनं काढलेला खोल तुकडा) किंवा एक्सिजन (अख्खा कापून काढलेला चट्टा) पाठवा'. सर्जन चिडले तर चिडू देत, त्यांना फोन करून मुंग्यांबद्दलही विचारा, त्या नर्व्ह धरल्याची खूण असू शकतात, आणि रिक्विझिशनवर, म्हणजे तुकड्यासोबतच्या फॉर्मवर, ते कुणी लिहीतच नाही.

दुसरी चूक चाळणीची. क्रिब्रिफॉर्म, म्हणजे चाळणीसारखी भोकं दिसली की अ‍ॅडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा (ग्रंथीचा एक कॅन्सर), असं होतं, पण बेसल सेल कार्सिनोमा या स्किनच्या नेहमीच्या कॅन्सरमधेही चाळणी दिसते. तिथं कडेला सेल रांगेत उभे असतात, स्ट्रोमापासून फट पडलेली असते, वर एपिडर्मिसशी (स्किनच्या सगळ्यात वरच्या थराशी) जोड सापडू शकतो. आणि खरंच अ‍ॅडिनॉइड सिस्टिक निघालं तरी लगेच स्किनचं म्हणू नका, लाळग्रंथी, अश्रुग्रंथी तपासून घ्यायला सांगा, तिथून आलेलं असू शकतं. ब्रेस्टची मेटास्टॅसिसही, म्हणजे ब्रेस्ट कॅन्सर पसरून स्किनमधे आलेला, अशीच फसवते, p६३ हा स्टेन लावा, स्किनच्या ग्रंथीच्या ट्यूमरमधे ते बहुतेकदा पॉझिटिव्ह येतं, ब्रेस्टमधे सहसा नाही, पण एवढ्यावर विसंबू नका, पेशंटची हिस्टरी हवीच.

सिलिंड्रोमा, ही ग्रंथीची सहसा साधी गाठ, मात्र सोपा, जिगसॉसारखे एकमेकांत बसलेले तुकडे आणि भोवती गुलाबी हायलिन (काचेसारखी एकसंध) कडा. स्पायराडेनोमा, तशीच दुसरी गाठ, निळ्या गोळ्यांसारखा, त्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशी) विखुरलेले, आणि दुखतो बरं का. दोन्ही एकाच तुकड्यात मिळू शकतात, घोटाळा समजू नका. डोक्यावर अशा बऱ्याच गाठी असतील तर आईला, भावंडांना आहेत का ते विचारा, सीवायएलडी (CYLD) या जीनमधल्या बिघाडानं घराण्यात चालत येणारा प्रकार असू शकतो.