टार्बर्टच्या पाहुण्या पाँटूनवर पहिल्यांदा यॉट लावणार असाल तर

गेल्या जुलैत स्कॉटलंडमधल्या टार्बर्टच्या पाँटूनवर, म्हणजे तरंगत्या धक्क्यावर, आपली तीन मराठी कुटुंबं भाड्याच्या यॉटवरून उतरली. मुलं हसरी, डेकवर सुकत घातलेले टॉवेल, आतून पोह्यांच्या फोडणीचा वास. बघूनच बरं वाटलं. होडीही त्यांनी नीट लावली होती, दोर चारही बाजूंनी ताणून, ढोलासारखे घट्ट. दोन दिवसांनी तीच मंडळी मला दुसऱ्या एका बंदरात भेटली. तिथे पाँटून नव्हतं, जुना दगडी धक्का होता, आणि त्यांनी दोर तसेच ढोलासारखे आवळले होते. ओहोटी सुरू होऊन अर्धा तास झाला होता. मी धावत गेलो आणि आधी दोर सैल केले, ओळख नंतर काढली. त्याच संध्याकाळी ठरवलं की हे लिहून ठेवायचं.

मी रत्नागिरीचा. मिरकरवाडा बंदराचा वास नाकात घेऊन वाढलो, त्यामुळे समुद्र आपल्याला कळतो असं मला वाटायचं. स्कॉटलंडमध्ये अठरा वर्षं झाली, त्यातली तेरा होडीवर. इथला समुद्र मला नव्याने शिकावा लागला.

टार्बर्ट लॉख फाइनच्या (लॉख म्हणजे आत शिरलेली खाडी) पश्चिम किनाऱ्यावर आहे. ग्लासगोहून कॅम्बेलटाउनला जाणारी ९२६ नंबरची बस तिथे थांबते, म्हणजे सगळ्यांनी होडीनेच यायला हवं असं नाही. आजी-आजोबा बसने येऊ शकतात. गावाच्या पलीकडे साधारण दीड किलोमीटर जमीन ओलांडली की वेस्ट लॉख टार्बर्ट लागतं. १०९८ साली नॉर्वेचा राजा मॅग्नस याने याच चिंचोळ्या पट्टीवरून आपलं जहाज ओढून नेलं आणि स्वतः सुकाणू धरून आत बसला, असं जुन्या नॉर्स कथेत आहे. होडीने प्रदक्षिणा घालता येईल ती भूमी त्याची, असा करार होता, म्हणून त्याने पट्टीपलीकडचा अख्खा किंटायर द्वीपकल्प आपला म्हणवून घेतला. मुलांना ही गोष्ट किल्ल्यावर नेऊन सांगा. किल्ला बंदराच्या वरच आहे, चढ थोडा आहे.

बंदर चारही बाजूंनी झाकलेलं, तोंड पूर्वेला. एकदा आत शिरलात की बाहेरच्या लाटा संपतात, म्हणूनच इथे शिडाच्या होड्यांची गर्दी असते. मे महिन्याच्या अखेरीस स्कॉटिश सिरीज ही शर्यत अनेक वर्षं इथे भरत आली आहे. त्या आठवड्यात न विचारता येऊ नका.

आता पाँटूनबद्दल. पाँटून म्हणजे तरंगता धक्का. भरतीला तो होडीबरोबर वर येतो आणि ओहोटीला खाली जातो. पूर्वी पाहुण्याला बहुतेक ठिकाणी नांगर टाकून छोट्या डिंगीने किनाऱ्यावर यावं लागे, नाहीतर मासेमारी बोटींच्या शेजारी दगडी भिंतीला लागावं लागे. पश्चिम किनाऱ्यावरच्या छोट्या बंदरांनी गेल्या काही वर्षांत पाहुण्यांसाठी मुद्दाम पाँटून बांधले. ओबानच्या नॉर्थ पिअरला ते २०१७ साली आले. टोबरमोरी, लॉखालिन, लॉखबॉइसडेल इथेही आहेत. पाणी, वीज, शॉवर, कपडे धुण्याचं यंत्र, सगळं पायऱ्या चढून मिनिटा-दोन मिनिटांवर. नवशिक्या कुटुंबासाठी हे वरदान आहे आणि ते बांधणाऱ्या गावांचे मी मनापासून आभार मानतो. मात्र याच सोयीमुळे आपली माणसं ओहोटी विसरतात, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

माझी गोष्ट सांगतो. आठ वर्षांपूर्वीची नारळी पौर्णिमा. पूर्व किनाऱ्यावरच्या फोर्थच्या खाडीत नारळ वाहिला आणि दोन दिवसांनी फाइफच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या बंदरात शिरलो. दुपारचे तीन वाजले होते आणि भरती पूर्ण होती. मी दगडी भिंतीला लागलो, पुढचा-मागचा दोर आखूड घेतला, आणि कडेला होडी चिकटून राहावी म्हणून मधला दोर तर अगदीच आखूड. बायको-मुलांना घेऊन तळलेला मासा खायला गेलो. सहा वाजता परतलो तेव्हा होडी भिंतीवर टांगलेली होती. एक बाजू दोरांनी वर धरलेली, दुसरी पाण्याकडे कललेली. पाणी दोन मीटरहून जास्त उतरलं होतं आणि दोर तिथेच होते. सुरी आत खणात होती आणि आत जायची सोय उरली नव्हती. धक्क्यावरच्या एका मच्छीमाराने आपल्या सुरीने मधला दोर कापला. होडी दणकन खाली पडली, क्लीट, म्हणजे दोर बांधायची खुंटी, डेकच्या तुकड्यासकट उखडली आणि कठड्याचे दोन खांब वाकले. दुरुस्तीला २,१०० पौंड लागले. मुलगी आत झोपलेली असती तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही मुद्दाम करतो.

पौर्णिमा आणि अमावास्येला उधाण, अष्टमीला भांग म्हणजे लहान भरती, हे आपण शाळेत शिकलो. घरात कालनिर्णय असेल तर होडीवर न्या, खरंच उपयोगी पडतं. पण इथे सर्वांत मोठं उधाण पौर्णिमेच्या दिवशी नसतं, साधारण दीड-दोन दिवसांनी येतं. मी नेमका त्याच दिवशी गेलो होतो. फोर्थमध्ये उधाणाला पाणी पाच मीटरच्या जवळपास चढतं-उतरतं. टार्बर्टला साधारण तीन मीटर. क्रेल किंवा ॲन्स्ट्रदरसारख्या पूर्वेकडच्या बंदरांत तर ओहोटीला तळाचा चिखल दिसतो. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. पहिल्या तासात थोडंच आणि मधल्या दोन तासांत निम्मं. म्हणून धक्क्यावर तासभर उभं राहून ‘काही हलत नाही’ असं ठरवू नका.

भिंतीला लागलात तर पुढचा आणि मागचा दोर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या फरकाच्या निदान तिप्पट लांब हवा, आणि तो दूरवरच्या खुंट्याला बांधायचा. मधला आखूड दोर बांधायचाच नाही. एक माणूस होडीवर राहील. सुरी सुकाणूजवळ, हाताला लागेल अशी, म्यानात. हे चारही नियम माझ्या होडीच्या आतल्या दारावर मी रंगाने लिहिले आहेत.

आणखी एक, यात दर उन्हाळ्यात कोणीतरी फसतं. छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यात वेळ बहुतेक ग्रीनिचची असते. उन्हाळ्यात आपलं घड्याळ एक तास पुढे असतं, तेव्हा तक्त्यातल्या वेळेत एक तास मिळवा. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तो बहुधा आधीच मिळवलेला असतो. दोन्ही एकदा शेजारी ठेवून ताडून पाहा आणि मग एकाच गोष्टीवर विसंबा.

पाँटूनवर मात्र दोर आखूड चालतात, कारण दोघं बरोबर वर-खाली होतात. पण पाँटून तरंगलं तरी समुद्राचा तळ तरंगत नाही. किनाऱ्याजवळच्या जागा उथळ असतात. रेडिओवर किंवा फोनवर जागा मागताना होडीची लांबी, रुंदी आणि पाण्याखाली किती बुडते ते मीटरमध्ये सांगा. भाड्याच्या होडीच्या कागदांत ते असतं, पण दर वेळी कोणीतरी मागे वळून ‘अरे, किती बुडते आपली?’ असं विचारताना मी ऐकतो. रेडिओ वापरायला परवाना लागतो. एका दिवसाचा अभ्यासक्रम आहे, कुटुंबातल्या दोघांनी करा, एकट्या नवऱ्याने नको. संकटात चॅनेल १६.

आत येताना फेंडर, म्हणजे कडेला टांगायच्या हवा भरलेल्या गाद्या, खाली सोडा. पाँटून पाण्यापासून हातभर उंच असतं, भिंतीसाठी बांधलेले फेंडर त्याच्या वरून निघून जातात. दोर दोन्ही बाजूंना तयार ठेवा, शेवटच्या क्षणी हार्बरमास्तर दुसरी बाजू सांगू शकतो. वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या तोंडावर हळू या. पहिला दोर होडीच्या मधला. कोणी उडी मारायची नाही. दोन होड्यांच्या मध्ये किंवा होडी आणि पाँटूनच्या मध्ये हात-पाय घालून धक्का थांबवायचा नाही, ते फेंडरचं काम आहे. सहा टनांची होडी हाताने थांबत नाही. मी हे सांगतो तेव्हा आपल्या तरुण मुलांना अपमान वाटतो. वाटू दे.

मुलांना पाँटूनवरही लाइफजॅकेट. भर उन्हाळ्यातही पाणी तेरा-चौदा अंशांचंच असतं. पडल्यावर पहिल्या मिनिटात आपोआप धाप लागते, पोहता येणाऱ्यालाही. तेव्हा लगेच पोहायचा प्रयत्न करू नका. पाठीवर तरंगा, श्वास स्थिरावू द्या, मग हाक मारा. हे मुलांकडून पाठ करून घ्या.

हे बंदर काम करणाऱ्यांचं आहे. एकोणिसाव्या शतकात लॉख फाइनच्या हेरिंगच्या मासेमारीवर हे गाव उभं राहिलं, आणि आजही लँगुस्टीन म्हणजे नांग्यांच्या कोळंबीच्या बोटी पहाटे निघतात. मिरकरवाड्यात कोणी परका मचव्याच्या जागी होडी लावून बाजाराला गेला तर काय ऐकून घेईल? इथला मच्छीमार ओरडणार नाही, पण त्याचा दिवस बुडेल. मासळीच्या धक्क्याला लागू नका. लॉखमध्ये क्रीलची, म्हणजे तळाशी टाकलेल्या सापळ्याच्या पिंजऱ्यांची, तरंगती बोयं असतात, त्यांचा दोर कधी पाण्यावर पसरलेला असतो आणि इंजिनाच्या पंख्यात गुंडाळला जातो. इंजिनावर असताना पुढे एक माणूस नुसता बघत बसलेला हवा. अंधारात त्या पाण्यातून जाऊच नका.

इथल्या लोकांचं बोलणं समजून घ्यायला मला काही वर्षं लागली. हार्बरमास्तर म्हणाला, ‘यू माइट वाँट टु मूव्ह हर’, म्हणजे होडी आत्ता हलवा. ‘अ वी बिट ब्रीझी’ म्हणजे बाहेर जाऊ नका. हुकूम देणं त्यांना असभ्य वाटतं. आपण मोठ्या आवाजातल्या सूचनांची सवय असलेले, त्यामुळे हळू सांगितलेलं आपल्याला पर्याय वाटतं. माझ्या अनुभवात या किनाऱ्यावर कोणी मला विनाकारण सल्ला दिला नाही आणि दिलेला एकही चुकीचा निघाला नाही.

आपल्या माणसांबद्दलही एक-दोन गोष्टी बोलतो, कारण प्रेम आहे. शुल्क होडीच्या लांबीवर, मीटरप्रमाणे, रात्रीचं असतं. त्यात घासाघीस करू नका. टार्बर्टचं बंदर ट्रस्टचं आहे, कोणा मालकाच्या खिशात पैसे जात नाहीत, ते बंदरातच परत येतात. सहा जणांच्या होडीवर दहा जण झोपवू नका. आणि स्पीकर नको, निश्चल पाण्यावर आवाज पलीकडच्या डोंगरापर्यंत जातो.

स्वयंपाकाच्या वासाची मात्र लाज धरू नका. काही जण झाकण घट्ट लावून, खिडक्या बंद करून फोडणी देतात. तसं कधीही करू नका. बंद केबिनमध्ये गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. खिडकी उघडी, अलार्म चालू, आणि काम झालं की सिलिंडरचा कॉक बंद, कारण गळालेला गॅस हवेपेक्षा जड असतो आणि होडीच्या तळाशी साचतो. शेजारच्या होडीला एक वाटी आमटी द्या. माझी इथली निम्मी मैत्री अशीच झाली.

गर्दीत होड्या एकमेकींना लावतात. शेजाऱ्याच्या होडीवरून जाताना पुढच्या डेकवरून जा, मागच्या बसायच्या जागेतून नाही. तुमचा स्वतःचा दोर पाँटूनपर्यंत न्या. पहाटे निघणार असाल तर रात्रीच सांगा.

विजेसाठी निळ्या तीन पिनांची सोळा अँपियरची केबल स्वतःची लागते. संडासाची टाकी बंदरात सोडू नका. वारा पडला की संध्याकाळी मिज नावाच्या बारीक माश्या चावतात, जाळी घ्या.

निघताना कार्यालयात सांगा कुठे चाललात. पाँटूनवरून सुटण्याआधी पुढच्या बंदरात पाँटून आहे की दगडी भिंत, हे विचारून घ्या, आणि भिंत असेल तर लांब दोर तळातून काढून डेकवर आणून ठेवा. मी मे ते सप्टेंबर बहुतेक शनिवारी टार्बर्टला असतो. तुमचा दोर घ्यायला कोणी पाँटूनवर उभं असेल तर तो फेकू नका, जवळ येऊन हातात द्या, आणि क्लीटवर कसा घालायचा तेही सांगा.