स्वस्त विमानाचं तिकीट काढताय? सांगलीकरांनो, आधी हे बघा

गेल्या महिन्यात आप्पांना घेऊन पुण्याहून दिल्लीला गेलो, तिकीट स्वस्त मिळालं म्हणून खूष होतो, पण त्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकलेले आणि सीट मागे जायचीच नाही, दोन तास बिचारे अवघडून बसले. खूप वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

एअरबस ए320 या विमानात बिझनेस (महागडा) आणि इकॉनॉमी (साधा) असे दोन क्लास ठेवले तर साधारण 150 सीट बसतात, सगळं इकॉनॉमी केलं की 180. म्हणजे तिकीट स्वस्त होतं ते आपल्या पायाजवळची जागा कापून. दोन रांगांमधलं अंतर पूर्वी 31-32 इंच असायचं, आता बऱ्याच ठिकाणी 28-29 वर आलंय.

म्हणून नुसतं तिकीट बघू नका, सीट, बॅग, जेवण, सांगली ते पुणे गाडीभाडं सगळं धरून बेरीज करा, मगच दोन कंपन्या ताडून बघा. घरात उंच किंवा गुडघेदुखीचं माणूस असेल तर पहिल्या रांगेची सीट पैसे देऊन घ्या, खरंच घ्या. इमर्जन्सी दाराजवळ पण जागा मोठी असते, पण वेळ आली तर दार उघडावं लागतं म्हणून वयस्कर माणसांना तिथं बसवत नाहीत. बाकीच्यांनी वेब चेकइन (म्हणजे घरूनच ऑनलाइन हजेरी लावून सीट घेणं) सुरू झालं की लगेच करा.

हातातली बॅग 7 किलोपर्यंतच चालते, घरीच वजन करा. आणि भडंग सोबत ठेवा, स्वस्त विमानात खायचं विकत घ्यावं लागतं, पाणी तेवढं मागितलं की देतात.