प्रौढ वयात बॅले: पाऊल खुब्यातून वळवावे
रत्नागिरी-मालवणकडे घरीच बॅलेचा सराव सुरू करणाऱ्या प्रौढांनी आरंभी जड खुर्चीची पाठ धरून केवळ ‘प्लिए’, म्हणजे टाचा जुळवून, पावले बाहेर वळवून गुडघे सावकाश वाकवणे, एवढेच करावे. पावलांचे बाहेरचे वळण खुब्यातून यावे. गुडघे पिळून पावले 180 अंशांत आणण्याचा हट्ट धरल्यास गुडघे दुखावतात, म्हणून वाकताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहील तेवढेच वळण पुरेसे मानावे. उड्या फरशीवर टाळाव्यात. जुन्या घराची भक्कम लाकडी माडी त्यासाठी बरी (अर्थात खाली कोणी वामकुक्षी घेत नसेल तर). पावसाळ्यातील दमट हवेत चामडी बूट बुरसटतात, तेव्हा कापडी घेऊन सरावानंतर ते पंख्याखाली वाळवावेत.